तीनकान्याची वाट

तावाऊजवळचा मळा
१५ फेब्रुवारी २००९

बाबा,

अक्षर वाकडं दिसलं तर हसू नका. डाव्या हाताने लिहितोय. उजव्याला जरा लागलंय. जरा म्हणजे जराच, आईला सांगायचं कारण नाही.

मी रागावून गेलो असं गावात म्हणतात, हे मला युब्लिनाने फोनवर सांगितलं. रागावून नाही गेलो. बोट त्याच दिवशी होती म्हणून गेलो. तुम्हाला न भेटता गेलो, कारण तुम्ही मोकोघरात बसला होता, आणि मोकोघराची पायरी चढणार नाही असं मी आदल्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो. बोललेलं पाळायचं हे तुम्हीच शिकवलंत.

फोन केला की तुम्ही येत नाही. आई चढावरच्या काजूच्या झाडाखाली येऊन बोलते आणि म्हणते, "ते खाली डुकराला खायला घालताहेत." प्रत्येक वेळी डुक्कर जेवतच असतं. एवढं जेवणारं डुक्कर आत्तापर्यंत देवळाएवढं झालं असेल. म्हणून हे पत्र. पत्र हातात आलं की डुकराचं कारण चालत नाही.

परवा आमच्या मुकादमाने विचारलं, "तुझं लग्न अडलंय म्हणे. कशावरून?" तो दुसऱ्या बेटावरचा, बुगिस जमातीचा माणूस, त्याला आपल्या आलोर बेटाचं काय ठाऊक. मी म्हणालो, "मोकोवरून."

"ते काय असतं?"

"काशाचा ढोल. कमरेला बारीक, खाली-वर रुंद, बाजूंना चार कान."

"वाजवता का मग लग्नात?"

"वाजवायला नसतो तो. तो मुलीच्या घरी पोचतो, मग मुलगी आपल्या घरी येते."

"मग बाजारातून आण एक."

"बाजारातला कुणी घेत नाही. आजे-पणजांच्या वेळचे जेवढे आहेत तेवढेच. ह्या घरातून त्या घरात फिरत राहतात."

"तुमच्या घरी नाही?"

"आहे. कुलपात आहे."

"चोरांच्या भीतीने?"

"नाही. जतन व्हावा म्हणून."

बाबा, तो इतका हसला की त्याची विडी चिखलात पडली. मग दुसरी माझ्याकडूनच मागून घेतली.

मला हसू येत नाही. गावात वारसा मंडळ निघालं, चांगलं झालं. सेमुएल गुरुजींनी नोकरीतून सुटल्यावर स्वस्थ बसायचं नाही ठरवलं, तेही चांगलं. पत्र्याचं मोकोघर बांधलं, शहरातून येणाऱ्यांना दाखवायला काहीतरी झालं. पण सगळ्या गावात पहिला मोको नेऊन ठेवला तो तुम्ही. आणि आत गेलेलं बाहेर येणार नाही ह्या नियमाला पहिला हात वर केला तोही तुम्ही. घरात लग्नाचा मुलगा असताना.

थोबियास काकांचं म्हणणं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहून ठेवतो. युब्लिनाला वडील नाहीत, त्यामुळे शब्द तिच्या ह्या काकांचा. ते म्हणतात, तुमच्या तीनकान्याचा एक कान तुटलेला आहे तरी चालेल, कारण पोरगीच हट्टाला पेटली आहे. पण नाताळपर्यंत. नाताळनंतर कलाबाहीच्या बंदरावरच्या घराला होकार जाईल. त्यांच्याकडे चारही कान असलेला मोको आहे आणि त्यांनी तो कुठल्या कुलपात घातलेला नाही.

तुम्ही मंडळात आहात. गुरुजी तुमचं ऐकतात. एक शब्द टाका, एवढंच मागतोय.

हे पत्र गावाला ये-जा करणाऱ्या लुकासबरोबर पाठवतोय. उत्तर त्याच्याकडेच द्या, तो परत येणार आहे.

ओबेद


तावाऊजवळचा मळा
१९ एप्रिल

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. "मका बरा आहे. डुक्कर विकलं. मोकोघरातून काही बाहेर जात नाही. हात कुणाला तरी दाखव."

आधी तिसरं वाक्य वाचून कागद चुरगाळला. मग चौथ्यासाठी पुन्हा सरळ केला. लुकासने सांगितलं की तुम्ही त्याला डोंगराच्या वळणापर्यंत सोडायला आलात आणि वाटेत माझ्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, फक्त त्याच्या पिशवीत मक्याचे पोहे कोंबलेत. पोहे मिळाले. इथल्या पोरांनी मुठी मारून संपवले, म्हणाले, हे कुटायला कुणाचे हात लागतात? मी म्हणालो, माझ्या आईचे, आणि तापलेला दाणा दगडाखाली सरकवायला बोटं न भाजता यायला पाहिजेत, तुमचं काम नाही ते.

हाताचं खरं सांगतो. तेलताडाच्या फळांचा घड उतरवताना काटा तळव्यात गेला आणि आत मोडला. हात सुजून पपईसारखा झाला. दवाखान्यात चिरून काढला. बोटं अजून पुरती मिटत नाहीत, म्हणून सध्या फळं तोडत नाही, कामगारांच्या भटारखान्यात भात ढवळतो. मला एका जागी बसवत नाही हे तुम्हाला माहीत आहे. चुलीपुढे बसून बसून माझ्याच अंगाला वाफ यायला लागली आहे.

भटारखान्याचा म्हातारा कारेल नावाचा आहे. दात नाहीत, तिखट मात्र सगळ्यांपेक्षा जास्त लागतं. बोलतो तेव्हा कानाला ओळखीचं वाटतं. विचारलं तर म्हणाला, "मीही आलोरचाच. कुठला ते नंतर सांगेन, आधी कांदे चीर."

आता दुसरी गोष्ट. युब्लिनाचा फोन आला होता. जिल्ह्याचे साहेब मोकोघर बघायला येणार म्हणून मंडळाने सगळे मोको चिंच आणि वाळू लावून घासले, हे खरं का? ती म्हणाली, असे चकाकतात की डोळ्यांवर हात धरावा लागतो. आणि साहेब आलेच नाहीत.

थोबियास काका मात्र आले. ती त्यांच्यामागेच उभी होती, म्हणून शब्दन् शब्द कळला.

"हा कुणाचा?" काकांनी विचारलं.

"फानलाईंचा तीनकान्या," गुरुजी म्हणाले.

"तीनकान्या काळा होता. हा तर कालच भांडीवाल्याने ओतल्यासारखा दिसतोय."

"थोबियास, तोच आहे. आम्ही फक्त स्वच्छ केला."

"गुरुजी, म्हातारीला घासून घासून तरुण केलंत. आता तिची नातवंडं तिला ओळखत नाहीत."

"कान बघा की. तुटलेला आहे."

"हातोडी माझ्याही घरी आहे. अजून एक तोडून देऊ?"

असं म्हणून ते निघून गेले. म्हणजे बाबा, आता मंडळाने नियम मोडून मोको दिला तरी काका तो घेणार नाहीत. आधी एक कुलूप होतं, आता दोन झाली.

ऐकताना मी हसलो, कारण ती काकांची नक्कल फार छान करते. फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. कारेल म्हणाला, "मीठ जास्त झालं का?" मी म्हणालो, हो.

एक विचारायचं होतं. तीनकान्या तुम्ही घासलात का? युब्लिना म्हणते, सगळे आत घासत होते तेव्हा तुम्ही बाहेर दगडावर बसून होता. कुणी हाक मारली तरी आत गेला नाहीत. असं का?

ओबेद


तावाऊजवळचा मळा
२८ जून

बाबा,

ह्या वेळी तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितोय.

कारेल कामेलांगचा आहे. आपल्या डोंगराच्या पलीकडचं कामेलांग. मी इतके दिवस त्याच्याजवळ बसून लसूण सोलला आणि त्याने ते आत्ता सांगितलं. त्याला कारण मी. पगाराच्या कागदावर माझं नाव वाचून दाखवत होतो, तर पळी तशीच धरून तो थांबला.

"फानलाई? चिंचेच्या झाडाखालचं घर? येरमियासचा तू कोण?"

"मुलगा."

"मग तीनकान्या तुमच्याकडेच असेल."

मी म्हणालो, आहे. कसा आहे ते सांगितलं नाही.

तो म्हणाला, "आमच्याकडून आला तेव्हा त्याला चार कान होते."

मग त्याने भाताखालचा जाळ काढला आणि बोलत राहिला. तो तेव्हा विशीतला. कामेलांगच्या लोकांनी तुमच्या बहिणीला, दामारिस आत्याला, मागणी घातली होती, आणि मोको खांद्यावर घेऊन येणाऱ्या चौघांपैकी एक कारेल होता. तो सांगतो, सगळं नीट झालं, डुक्कर कापलं, दगडाच्या ओट्याभोवती फेर धरून नाच झाला, मोको तुमच्या घराच्या माचीवर ठेवला. मग पाहुणे आत्याला घेऊन निघाले. आणि माचीवरून एक लहान पोरगा ओरडला, "हा परत न्या, ताईला ठेवा," आणि दोन्ही पायांनी मोकोला ढकललं. तो खाली दगडावर पडला. कान तुटला. नाच थांबला. सगळे तुमच्या वडिलांकडे बघायला लागले की आता हे पोराला काय करतात. आत्या मागे फिरली, पोराला कडेवर घेतलं, नऊ वर्षांचा घोडा तो, आणि म्हणाली, "ह्याला कुणी हात लावायचा नाही. मी नाही आता घरात. माझ्याऐवजी हा मोको आहे. ह्याला सांभाळ."

बाबा, मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आईलाही माहीत नसेल, नाहीतर एवढ्या वर्षांत कधीतरी भांडताना तिने काढलं असतं.

मला एवढंच माहीत होतं की तुमची एक बहीण पलीकडे दिली होती आणि पहिल्या बाळंतपणात गेली. कारेल म्हणाला, वर्षसुद्धा झालं नव्हतं. तुम्ही तिथे गेला होतात, मातीवर दगड ठेवायला, वडिलांचं बोट धरून.

आता मला सगळं उलटं दिसायला लागलं. मला वाटायचं, तुम्हाला माझ्या लग्नाचं काही नाही. वाटायचं, मंडळाच्या कौतुकासाठी तुम्ही मोको दिलात, गुरुजींनी चार माणसांत नाव घ्यावं म्हणून. तसं नव्हतं. तो कुणाच्या लग्नात दाराबाहेर जाऊ नये म्हणून तुम्ही त्याला कुलपात घातलंत. आणि घासताना बाहेर का बसला होता तेही कळलं.

आता मागत नाही. मोको राहू दे. युब्लिनाला मी सांगितलं की नाताळची वाट बघू नकोस, काका म्हणतील तसं कर. ती म्हणाली, "तुला सल्ला विचारला का?" आणि फोन ठेवला. ते माझं मी बघेन.

पण कारेलने एक विचारलं, ते तुम्हालाच विचारायला हवं. तो म्हणाला, "तुमच्याकडे तीनकान्याची वाट अजून म्हणतात ना?"

मी म्हणालो, मोको दुसऱ्या घरी देताना म्हणतात. घरातला मोठा माणूस उभा राहतो आणि सांगतो, हा मोको कुठून कुठे गेला, कोणत्या घरी कोणत्या मुलीसाठी.

"मग शेवटची कधी म्हटली?"

मला आठवेना. मोकोघर झाल्यापासून मोको देऊन गावात लग्नच झालेलं नाही. पोरं नुसती पळून जातात आणि वर्षाने बाळ घेऊन येतात. मी कारेलला म्हणालो, तीनकान्याची तर म्हटलेली मी ऐकलेलीच नाही.

तो म्हणाला, "कामेलांगच्या वाटेत दामारिसचं नाव आहे. पण ती वाट आमच्याकडे आता कोण म्हणणार? मोको तर तुमच्याकडे."

मोकोघरात तीनकान्याखाली गुरुजींनी पाटी लावली आहे, युब्लिनाने वाचून दाखवली. "काशाचा ढोल. एक कान नाही." बाबा, पाटीवर तेवढंच आहे.

मी जास्त शिकलेलो नाही, म्हणून चुकत असेन. पण आत्याचं नाव मी माझ्या वयाच्या पंचविशीत, समुद्रापलीकडे, एका दात पडलेल्या म्हाताऱ्याकडून ऐकलं. तुमच्या तोंडून ऐकायला आवडलं असतं.

कारेल नमस्कार सांगतो. म्हणतो, येरमियासला सांग, तो कान मी उचलला होता, कामेलांगला नेला, माझ्या आईने तो बत्त्यासारखा वापरला, मग हरवला. रागावू नकोस म्हणतो.

ओबेद


तावाऊजवळचा मळा
६ सप्टेंबर

बाबा,

काय लिहू. आधी हे लिहितो की बोटं मिटायला लागली. मूठ पुरती होत नाही पण पळी पडत नाही.

तुमच्या पत्रात ह्या वेळीही चारच ओळी आहेत. "पत्र पोचलं. मंडळाच्या बैठकीला गेलो होतो. बाकी युब्लिना सांगेल. मोको घरी आहे." मी "मोको घरी आहे" वाचलं आणि भात करपवला. पन्नास माणसांचा भात. पोरांनी शिव्या दिल्या. मी सगळ्यांना हसून दाखवत होतो, त्यांना वाटलं, ह्याला ऊन लागलं.

मग फोनसाठी टेकडीवर पळालो. युब्लिनाने आधी मला बोलू दिलं नाही. म्हणाली, "गप्प बस आणि ऐक, माझे पैसे संपतील." ती काय म्हणाली ते तुम्हालाच परत लिहितो, कारण तुम्ही तिथे असून तुम्हाला ते दिसलं नसणार. तुम्ही खाली बघून बोलता.

ती म्हणाली, बैठकीत गुरुजी गवताच्या छपरांबद्दल बोलत होते. तुम्ही मध्येच उठलात. सगळ्यांनी जायला जागा करून दिली, कारण तुम्ही बैठकीत उठता ते फक्त घरी जायला. गुरुजी म्हणाले, "येरमियास, निघालास?"

तुम्ही म्हणालात, "नाही. तीनकान्याची वाट म्हणायची आहे."

"आत्ता? कुणाला देतोय का तो?"

"देत असो नसो. म्हणायची आहे."

आणि म्हणालात. युब्लिनाने मला फोनवर जशीच्या तशी म्हणून दाखवली, ती पोरगी एकदा ऐकलेलं विसरत नाही. "हा मोको थोबियासच्या आजोबांच्या घरी होता. तिथून कामेलांगला गेला, लिदियासाठी. कामेलांगहून फानलाईंच्या घरी आला, दामारिससाठी. दामारिस माझी बहीण. ह्याचा कान मी तोडला."

तेवढंच. आणि खाली बसलात.

थोबियास काका भिंतीला टेकून उभे होते. ते काही तीनकान्यासाठी आले नव्हते, छपरासाठी आले होते. ती म्हणते, त्यांनी दोनदा विचारलं, "कोण? कुणासाठी गेला म्हणालास?"

"लिदियासाठी. तुझी आजी."

"आम्ही तिला गोड आजी म्हणायचो," काका म्हणाले. "लिदिया. तिचं नाव लिदिया होतं. मी विसरूनच गेलो होतो." मग ते मोकोपाशी गेले, तुटक्या कानाशेजारी हाताची थाप मारली. चांगल्या बाजूला घुमतो तसा तिथे घुमत नाही, खोकल्यासारखा आवाज येतो. काका म्हणाले, "हा खोकला मी लहानपणी ऐकलाय, तुमच्या घरी, तुझ्या बापाच्या मयताला. तोच आहे हा."

युब्लिनाला वाटलं, झालं. पण तिचे काका ते तिचे काका. म्हणाले, "वाट खरी, आवाज खरा. पण हा चकचकीत हंडा मी दारात ठेवला तर बायकोकडची माणसं वर्षभर हसतील. आधी काळा करून आणा."

"काळा कसा करायचा?" कुणीतरी म्हणालं. "रंग लावायचा?"

तेव्हा सेमुएल गुरुजी म्हणाले, "रंग नको. इतकी वर्षं ते काळे कशाने झाले? घरात चुलीच्या वर माळ्यावर असायचे, धुराने. तसंच करू. ज्याचा त्याने घरी न्यावा, चुलीवर टांगावा, काळा झाला की परत आणून ठेवावा." असं म्हणून स्वतःच्याच गळ्यातली किल्ली काढून दिली.

बाबा, मी टेकडीवर बसून हसत होतो. युब्लिना म्हणाली, आता आपल्या गावात घराघरात चुलीच्या वर मोको टांगलेत, खाली मका शिजतोय, आणि बायका म्हणताहेत, अजून काळा झाला नाही, अजून थोडे दिवस. झाला तरी कुणी परत नेत नाही. मोकोघर रिकामं आहे, तिथे गुरुजींनी आता खाटेवर ताणून दिलेली असते. पण ते खट्टू नाहीत म्हणे. पोरांना बरोबर घेऊन घरोघरी जातात, म्हाताऱ्यांकडून वाटा म्हणवून घेतात, पाटीवर "एक कान नाही" असं लिहिण्याऐवजी पोरांकडून ती वाट पाठ करून घेतात. आणि मंडळाचा नियम बदलला. मोको कुठेही जाऊ दे, पण वाट म्हटल्याशिवाय जायचा नाही, आणि ती म्हणताना मंडळाचं कुणीतरी हजर पाहिजे.

ती म्हणाली की तुम्ही तीनकान्या स्वतः उचलून घरी आणलात, कुणाला हात लावू दिला नाही. आई म्हणाली, "चुलीवर टांगू?" तुम्ही म्हणालात, "थांब, मी टांगतो." आणि जेवायला बसलात तेव्हा वर बघून जेवलात.

मला इतकं हलकं वाटतंय की लिहिता येत नाही. मी इथे इतके दिवस छातीत काहीतरी घेऊन फिरत होतो हे ते गेल्यावर कळलं. काटा काढला तेव्हाही असंच झालं होतं.

कारेलला सगळं सांगितलं. तो कांदे चिरत बसला. कांदे त्या दिवशी लागणार नव्हते.

एकच विचारतो, आणि खरं सांगा. देताना तुम्हाला जड जाणार असेल तर नको. मी काकांच्या पाया पडेन, दुसरं काहीतरी निघेल. तुम्हाला तो चुलीवर हवा असेल तर तो तिथेच राहील.

तुमचा ओबेद


नुनुकान बंदर
२ डिसेंबर

बाबा,

बोट उद्या. बंदरावर गोण्यांवर बसून लिहितोय. हे पत्र माझ्याबरोबरच येणार, म्हणजे तुमच्या हातात मीच देणार. तरी लिहितो, कारण तोंडाने बोलायला लागलो की आपण दोघंही डुकराचं बोलतो.

तुमचं शेवटचं पत्र खिशात आहे. ह्या वेळी चार ओळींपेक्षा जास्त लिहिलंत. लुकास म्हणाला, तुम्ही ते पूर्ण करायला तीन दिवस घेतले आणि आईला विचारून विचारून बेजार केलंत. तुम्ही लिहिलंय, "ती म्हणाली होती सांभाळ. मी सांभाळला. पण तिचं नाव मी कधी घेतलं नाही, ते घेतलं तर कान तुटल्याचं सांगावं लागेल म्हणून. बैठकीत म्हटलं तेव्हा कुणी हसलं नाही. घरी येताना पाय हलके पडत होते. मोको जाऊ दे. वाट म्हणताना तिचं नाव येणार, आणि थोबियासकडून पुढे गेला तरी येणार. तू वेळेवर ये."

मी वेळेवर येतोय.

मुकादमाला सोडून जातोय म्हणून सांगितलं, तर म्हणाला, "कुलूप उघडलं?" मी म्हणालो, "चुलीवर टांगलाय." तो म्हणाला, "तुमच्या बेटावर धड माणूस कुणी आहे का?" आणि लग्नासाठी साखर दिली.

युब्लिना म्हणाली, काकांनी येऊन मोको बघितला आणि नाक लावून वास घेतला. "धुराचा वास आला," म्हणाले, "आता घरचा झाला." कलाबाहीच्या लोकांनी निरोप पाठवला तेव्हा म्हणाले, आमच्या घरचा एक मोको परत येतोय, दुसरा ठेवायला जागा नाही. बंदरावरच्यांना काही कळलं नसणार.

कारेलही बरोबर येतोय. चाळीस वर्षांनी. म्हणाला, आता इथे कांदे चिरायला दुसरा येईल. त्याला एकदा दामारिस आत्याच्या दगडाकडे जायचं आहे. मी विचारलं नाही, तोच म्हणाला की तिच्या नवऱ्याचा तो धाकटा भाऊ. तुम्हाला घेऊन जाऊ का विचार म्हणाला. मी त्याला म्हणालो, बाबा येतील. चुकलो नाही ना?

लग्नाच्या दिवशी मोको थोबियास काकांच्या घरी न्यायचा, तर खांद्यावर घ्यायला चार माणसं लागतील. ज्याला त्याला कान धरायला मिळतो, म्हणून पकड बसते. तीनकान्याला ते जमत नाही, एका बाजूला धरायला काही नाही, हात खालून लावावा लागतो आणि सगळं ओझं त्याच्यावर येतं. गुरुजी म्हणाले, दोरी बांधू. दोरी नको. कामेलांगहून आणताना कारेलने तो एकदा पेललेला आहे, तो एका कानाला राहील. दुसऱ्याला लुकास. तिसऱ्याला तुम्ही.

माझी मूठ आता नीट मिटते. तुटक्या कानाची बाजू मी धरेन.

तुमचा मुलगा,
ओबेद